फरककर

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो, मेंटेनन्स थकवणारे दोन-तीन सभासद असतात आणि एक फरककर असतो. चेअरमन-सेक्रेटरी निवडून येतात, थकबाकीदारांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. फरककर निवडूनही येत नाहीत आणि बोर्डावरही लागत नाहीत. ते असतातच. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर असतं, पण ते फक्त कुरिअरवाला वापरतो. बाकी सगळ्यांच्या तोंडी फरककर. कारण अर्थाने जवळजवळ असलेली दोन इंग्रजी नामं कुणी बोलताना एकाच्या जागी दुसरं वापरलं, की हे गृहस्थ कुठून तरी उगवतात आणि म्हणतात, "यात फरक आहे."

वय सत्तरीच्या आगेमागे. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बोलण्याआधी ते उजव्या हाताची दोन बोटं जोडून वर धरतात आणि मग सावकाश फाकवतात. नवख्याला ती विजयाची खूण वाटते. ती वाटणी असते. एक बोट म्हणजे एक शब्द, दुसरं बोट म्हणजे दुसरा, आणि मधली फट म्हणजे पुढची पंचवीस मिनिटं.

असा माणूस घडतो कसा, याचा मी थोडा अभ्यास केला आहे. तो मराठी शाळेतून येतो. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असते, शाळेत छडीवाले मास्तर असतात. पुढे सरकारी कचेरीत किंवा बँकेत कारकुनी. तिथे तो इंग्रजी पत्राचा मसुदा वर पाठवतो आणि एका शब्दाभोवती लाल वर्तुळ होऊन तो खाली येतो. शब्द चुकीचा नसतो, शेजारचा असतो. असे मसुदे खाली येता येता एक दिवस तो स्वतः वर जातो आणि लाल पेन त्याच्या हातात येतं. निवृत्तीच्या दिवशी माणूस टेबलाच्या किल्ल्या परत करतो, ओळखपत्र परत करतो. लाल पेन परत करावं असा कुठलाही शासन निर्णय नाही. तिथून पुढे आपली पाळी सुरू होते.

फरककरांचं व्याकरणाशी फारसं देणंघेणं नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. समोरच्याने इंग्रजी क्रियापद चुकवलं तर ते फक्त डोळे मिटतात. त्यांचा सिद्धांत असा, की क्रियापद चुकलं तर वाक्य लंगडत का होईना, पोचतं. नाम चुकलं की माल बदलतो. तुम्ही मागवलं एक आणि आलं दुसरं. म्हणून त्यांचं सगळं लक्ष नामांवर.

त्यांच्या कपाटात याची साधनसामग्री आहे. रेन आणि मार्टिनचं लाल पुस्तक अर्थातच आहे. त्यातल्या रेनने परदेशी सैन्यात भरती झालेल्या भावांची 'बो जेस्ट' ही साहसी कादंबरीही लिहिली, १९२४ साली, हे फरककर प्रत्येक पाहुण्याला सांगतात. ती कादंबरी मात्र त्यांनी वाचलेली नाही. तिच्या शेवटी स्वाध्याय नाहीत. शेजारी फाउलरचा १९२६चा वापरकोश. त्याच्या खाली जॉर्ज क्रॅबचं १८१६ सालचं जाडजूड पुस्तक, ज्यात समानार्थी म्हणवणाऱ्या शब्दांना एकेक करून समोर उभं केलं आहे आणि कोण कुठे वेगळा ते सांगितलं आहे. हा त्यांचा वेद. रॉजेटचा १८५२चा थिसॉरस मात्र सर्वांत खालच्या फळीवर, पाठ फिरवून ठेवलेला. रॉजेट पेशाने डॉक्टर, रॉयल सोसायटीचा अनेक वर्षं सेक्रेटरी. "एवढा हुशार माणूस," फरककर हळहळतात, "पण शब्द नुसते एकत्र गोळा केले आणि निघून गेला. कुणात काय फरक, एका अक्षराने सांगितलं नाही. सेक्रेटरी सगळीकडचे सारखेच." आमचे सेक्रेटरी हे वाक्य ऐकून दोन महिने त्यांच्याशी बोलले नव्हते.

क्रॅबच्याही आधी, १७९४ साली, हेस्टर पिओझी या बाईंनी इंग्रजी समानार्थी शब्दांवर दोन खंड लिहिले होते. कोशकार डॉक्टर जॉन्सनची त्यांच्याकडे वर्षानुवर्षं ऊठबस असे. फरककरांनी ही माहिती घरात सांगितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एवढी वर्षं कोश लिहिणाऱ्याला चहा पाजल्यावर बाईला दोन खंड सुचणारच. माझे चार होतील."

आता हे फरक ते कुठे आणि कसे सांगतात, ते पाहू. विद्वत्ता कुणाच्या पोटावर पाय देत नाही, पण फरककरांची विद्वत्ता नेमकी जेवायच्या वेळी बाहेर येते.

सोसायटीची सहल कोल्हापूरला गेली होती. सकाळी नऊची वेळ, पोटात कावळे, समोर मिसळीचं प्रसिद्ध ठिकाण आणि त्याच्यावर ठसठशीत अक्षरांत 'हॉटेल' अशी पाटी. सगळे आत घुसले. फरककर पाटीखाली थांबले. दोन बोटं वर. ज्यात मुक्कामाला खोली मिळते ते हॉटेल, ज्यात नुसतं खायला मिळतं ते रेस्टॉरंट. महाराष्ट्रात गेल्या कित्येक पिढ्या चहाच्या टपरीच्या वरच्या प्रत्येक गोष्टीला हॉटेल म्हणतात, याचं त्यांना मनापासून दुःख आहे. तरीही न्यायाला सोडायचं नाही म्हणून त्यांनी गल्ल्यावरच्या मालकांना अदबीने विचारलं, "आपल्याकडे चेक आउट किती वाजता असतो?"

मालकांनी क्षणभर पाहिलं. मग रश्श्याची वाटी पुढे सरकवत म्हणाले, "खाऊन झालं की चेक औट, सायेब. मागं लोक उभी हायेत."

फरककरांनी या उत्तराची नंतर बराच काळ तारीफ केली. त्यांच्या मते हॉटेलच्या नियमावलीत इतकी नेमकी अट त्यांनी कुठेच वाचली नव्हती.

पुण्यात राहणाऱ्या फरककराला आणखी एक सुख असतं. शिवाजीनगरजवळ बसचा एक थांबा आहे, त्याचं नाव शिमला ऑफिस. हवामान खात्याची स्थापना १८७५ची. त्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात हललं आणि शिमला मागेच राहिलं तरी नाव सोबत आलं. या थांब्यावर उभं राहून एखाद्या तरुणाने ढगाळ आभाळाकडे बघत "आज काय मस्त क्लायमेट आहे!" असं म्हणणं हे फरककरांच्या दृष्टीने देवळाच्या पायरीवर चपला घालून बसण्यासारखं.

"आजचं क्लायमेट?" त्यांनी त्या मुलाला विचारलं. "ते आज कसं कळेल? जागतिक हवामान संघटना तीस वर्षांची सरासरी काढते, तिला क्लायमेट म्हणतात. तुम्ही बघताय ते वेदर."

"पण काका, मस्त आहे ना?"

"वेदर मस्त आहे. क्लायमेटचं तीस वर्षांनी सांगा."

मुलगा पुढच्या बसने निघून गेला. ती त्याची बस नव्हती, असं मला वाटतं. पण फरककरांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. आपण मराठीत दोन्हीला हवामानच म्हणतो. उद्या पाऊस पडेल का हेही हवामान, आणि पृथ्वी तापते आहे हेही हवामान. म्हणून डिसेंबरात एक दिवस हुडहुडी भरली की पृथ्वी तापत असल्याची बातमी खोटी ठरवणारे लोक कट्ट्यावर निघतात. त्यांना गप्प करायला फरककरांची दोन बोटं पुरतात. त्या दिवशी कट्टा त्यांच्या बाजूने असतो.

डॉक्टरांच्या बाजूने मात्र कुणी नसतं. फरककर एकदा तापाने फणफणले होते. डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "काय काय सिम्प्टम्स आहेत?"

"कसकस आणि डोकेदुखी," फरककर म्हणाले.

"ताप?"

"तो सिम्प्टम नाही. रोग्याला जाणवतं आणि तो सांगतो, ते सिम्प्टम. डॉक्टर तपासून शोधतो, ते साइन. ताप मी घरी मोजला आहे. पण साइन शोधणं हे तुमचं काम. त्यात मी ढवळाढवळ करणार नाही."

डॉक्टरांनी निमूटपणे थर्मामीटर काढला. एकशे दोन निघाला. "बरोबर आला," फरककर समाधानाने म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी घेऊन उठले. डॉक्टरांनी त्यांच्याकडून फी घेतली की परीक्षा दिल्याबद्दल काही मागितलं, हे कळायला मार्ग नाही.

लेकीच्या संसारासाठी मिक्सर घ्यायला ते दुकानात गेले, तेव्हाचा प्रसंग तर दुकानदार अजून इतर गिऱ्हाइकांना सांगतो. दुकानदार म्हणाला, "काका, डोळे झाकून घ्या. दोन वर्षांची गॅरंटी."

फरककर म्हणाले, "जामीनदार कोण?"

दुकानदाराला वाटलं, काकांना हप्त्याने हवा आहे. त्याने कर्जाचा फॉर्म काढला. मग फरककरांनी त्याला १८७२च्या करार कायद्यातली गॅरंटी समजावली. त्या गॅरंटीला तीन माणसं लागतात: पैसे देणारा, पैसे घेणारा, आणि घेणाऱ्याने बुडवले तर मी भरीन म्हणून मान पुढे करणारा. सहकारी पतपेढीचं कर्ज काढलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हा तिसरा माणूस ठाऊक असतो. बहुतेकदा तो मेव्हणा असतो. वस्तूबद्दल विकणारा जे वचन देतो ती वॉरंटी, आणि ती १९३०च्या मालविक्री कायद्यात येते. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, कार्डावर वॉरंटीच छापलीय. गॅरंटी आम्ही तोंडी देतो." व्यवहाराचं एवढं प्रामाणिक विवेचन कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. फरककरांनी मिक्सर घेतला.

घरात त्यांची सत्ता चालत नाही. रात्री मालिका सुरू असते. वहिनी म्हणतात, "बघा तरी, धाकट्या जावेला किती जेलसी ती!" फरककर पेपरातून डोकं वर काढतात. "ती एन्व्ही. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून पोटात दुखणं ही एन्व्ही. आपलं आहे ते तिसरा कुणी पळवील या धास्तीने होतं ती जेलसी. एन्व्हीला दोन माणसं पुरतात, जेलसीला तीन लागतात."

"मालिकेत अठरा आहेत. घ्या हवी तेवढी," वहिनी म्हणतात आणि आवाज वाढवतात.

फरककर त्या आवाजावरही बोलत राहतात. ऑथेल्लोला झाली ती जेलसी, इयागोला डाचत होती ती बरीचशी एन्व्ही. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव मराठी रंगभूमीवर आणला, पण त्यांचं 'संशयकल्लोळ' पाहा, त्यात पहिल्या अंकापासून पडदा पडेपर्यंत शुद्ध जेलसी आहे. एवढ्यात मालिकेतली धाकटी जाऊ खरोखरच नवऱ्याच्या शर्टाचा वास घेते आणि एन्व्हीची जेलसी होते. फरककर हरखतात. वहिनी म्हणतात, "आता तुम्हीच गप्प बसा, मला बघू द्या."

त्याच घरात सणावारी वहिनींच्या हाताखाली काम करताना फरककर पाहण्यासारखे असतात. पळी मागितली तर डाव आणतात. झारा मागितला तर उलथनं. वहिनी ओरडल्या की म्हणतात, "अगं, शेवटी सगळे स्पूनच." अशा वेळी वहिनी पिठाने माखलेला उजवा हात वर करतात, दोन बोटं जोडतात, सावकाश फाकवतात आणि म्हणतात, "यात फरक आहे." स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका हसतात. फरककर डाव परत ठेवायला जातात आणि तोही चुकीच्या खुंटीला लावतात.

मात्र त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला प्रसंग चोरीचा. की घरफोडीचा. तेच तर.

उन्हाळ्याच्या सुटीत तळमजल्यावरचं कुटुंब गावी गेलं होतं. रात्री दोनच्या सुमारास वॉचमन ओरडला, "चोर, चोर!" बिल्डिंगमधले दिवे लागले. लोक काठ्या, बॅटऱ्या, क्रिकेटच्या बॅटी घेऊन जिन्यात आले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बनियन घातलेले फरककर अवतरले आणि त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "किती जण आहेत?"

सगळ्यांना वाटलं, आता हे व्यूहरचना सांगणार. वॉचमन म्हणाला, "चार दिसले, साहेब."

"नीट मोजा. पाच आहेत का?"

"चारच आहेत!"

"मग डकॉइटी नाही," फरककर म्हणाले. "पाच लागतात. पाच किंवा अधिक. कुणाला धाक दाखवला? मारहाण केली? अडवून धरलं?"

"घरात कुणी नाहीच, साहेब! कुलूप तोडलंय!"

"मग रॉबरीही नाही. थेफ्ट म्हणावं तर माल अजून हलला नसेल. ही हाउसब्रेकिंग झाली."

माल त्याच वेळी मागच्या भिंतीवरून हलत होता. तो हलल्यावर थेफ्टही पूर्ण झाली, पण तेव्हा ते सांगायला चोर थांबले नाहीत. सगळे लोक जिन्यात उभं राहून वर बघत होते, कारण प्रश्न वरून येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉन्स्टेबल पंचनाम्याला आले. फरककर खाली उतरले, आणि मेकॉलेपासून सुरुवात केली. १८३५ साली ज्याने हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडली, त्याच मेकॉलेने दोन वर्षांत दंड संहितेचा मसुदा तयार केला; १८६०मध्ये तो कायदा झाला. म्हणजे एकाच माणसाने आपल्याला इंग्रजी नामंही दिली आणि चोरांची वर्गवारीही. २०२४च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण पाचचा आकडा जिथल्या तिथे आहे. कॉन्स्टेबलांनी मान न उचलता लिहिलं: घरफोडी.

फरककर थबकले. "आणि धाक दाखवला असता तर?"

"जबरी चोरी."

"पाच असते तर?"

"दरोडा. सरका जरा, कुलपाचा फोटो घेऊ द्या."

त्या दिवशी फरककर बराच वेळ बाकावर एकटे बसून होते. ज्या फरकांसाठी ते आयुष्यभर इंग्रजी पुस्तकांच्या दारात उभे राहिले, ते पोलीस ठाण्याच्या मराठीत रोजच्या रोज, कुठलंही बोट वर न करता नोंदले जात होते. संध्याकाळी त्यांनी वहीत लाल पेनाने ते शब्द उतरवले. खालती रेघ मारली. पण पळी आणि डाव अजून त्या वहीत आलेले नाहीत.

फरककरांबद्दल एक गोष्ट मात्र त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावी लागते. ते फक्त वरच्या दिशेने दुरुस्ती करतात. डॉक्टर, चेअरमन, बँकेचा मॅनेजर, परदेशातून आलेला कुणाचा तरी जावई, यांची सुटका नाही. कामवाल्या मावशी "आज लय टेन्शन हाय" म्हणाल्या तर ते टेन्शन आणि स्ट्रेसमधला फरक सांगत नाहीत. काय झालं ते विचारतात. वॉचमनचा मुलगा त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला येतो. तो हाउसला होम म्हणतो आणि होमला हाउस, आणि फरककर तोंडातून शब्द काढत नाहीत. "आधी वाक्य बाहेर येऊ दे," ते म्हणतात. "फरक मागाहून येतो." लाल पेन त्या मुलाच्या वहीवर कधी चालल्याचं मी पाहिलेलं नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, माणूस निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीही आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचंही तेच मत होतं. त्यांचा धायरीला एक वन बीएचके आहे. तो एका ओळखीतल्या गृहस्थांना भाड्याने द्यायचा ठरला. कुणीतरी मोबाइलवर नमुना दिला, स्टॅम्प पेपरवर टाइप झाला, वर मोठ्या अक्षरांत 'लीज'. अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. सही करायची तेवढी राहिली होती, आणि साक्षीदार म्हणून फरककरांना बोलावलं. साक्षीदाराने फक्त सही करायची असते. यांनी कागद वाचला.

दोन बोटं वर गेली. काकूंनी चहाचं आधण बंद केलं.

"हे लीज आहे," फरककर म्हणाले.

"लीज काय नि लायसन्स काय, पैसे येणारच ना?"

"पैसे येतील. जागा परत येईल का, हा प्रश्न आहे."

मग त्यांनी सांगितलं ते मी प्रथमच जांभई न देता ऐकलं. लीज म्हणजे जागेत हक्क देणं. त्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात. लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती मुभा, जागेत हक्क काहीच नाही; त्याची व्याख्या सुविधाधिकार कायद्यात. दोन्ही कायदे एकाच वर्षीचे, १८८२. लीजवाला होतो टेनंट, आणि टेनंटला भाडे नियंत्रण कायद्याचं छत्र मिळतं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याखाली पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्यात राहिलेली बिऱ्हाडं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या धास्तीने घरमालक लायसन्सकडे वळले. पण कायदाही एकदा मध्येच वळला: १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लायसन्सवर जागेत होते, त्यांना टेनंट मानलं गेलं. "रात्री झोपले ते लायसन्सी," फरककर म्हणाले, "सकाळी उठले ते टेनंट. माणूस तोच, खाट तीच. नाम बदललं आणि माल बदलला."

आता लागू आहे तो १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. त्याच्या २४व्या कलमाप्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की जागा सोडावी लागते. नाही सोडली तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. आणि ५५व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय घरमालकाला दंड किंवा तुरुंगही होऊ शकतो.

काकूंनी घाईघाईने पेन काढलं. "मग वरचं लीज खोडून लायसन्स लिहिते."

"तेवढ्याने भागत नाही," फरककर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "१९५९चा सुप्रीम कोर्टाचा निवाडा आहे. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलने केशकर्तनालयासाठी जागा दिली होती. कागदावर लायसन्स लिहिलेलं. कोर्टाने मजकूर पाहिला, ताबा कुणाचा ते पाहिलं, आणि ते लीज ठरवलं. नाव काय दिलंय यापेक्षा दिलंय काय, ते कोर्ट बघतं." मग क्षणभर थांबून म्हणाले, "आणि त्या हॉटेलात खोल्या होत्या."

करार नव्याने लिहिला गेला. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, नोंदणी झाली. अकरा महिन्यांनी त्या गृहस्थांना मुलाच्या परीक्षेमुळे, मग उन्हामुळे, मग पावसामुळे जागा सोडवेना. काकू फरककरांना घेऊन धायरीला गेल्या. फरककरांनी कसलीही बोटं फाकवली नाहीत. नोंदलेला करार काढला, २४वं कलम शांतपणे वाचलं आणि 'दुप्पट' या शब्दावर किंचित थांबले. आठवड्यात किल्ली आली. गृहस्थ पावसातच गेले.

तेव्हा वाचकहो, तुमच्या सोसायटीतल्या फरककरांना ओळखून ठेवा. त्यांना मिसळ खायला नेऊ नका, मालिका बघताना शेजारी बसवू नका, आणि रात्री दोन वाजता चोर आला तर कृपा करून उठवू नका. पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो त्यांच्याकडे द्या आणि पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा. ते मागे लागतील, दमवतील, १८८२ला नेऊन आणतील. चूक मात्र सापडेल. आणि भाड्याचा करार असेल तर नोंदणी विसरू नका. ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, फरककरांवर नाही.